गैरहजराचा हिस्सा

५ जानेवारी, रविवार

डायरी फुकट मिळाली. टाइल्सच्या दुकानदाराने दिली, प्रत्येक पानाखाली टाइल्सचं चित्र आहे. मोठी माणसं रोज लिहितात म्हणे. आजपासून मीही. ही फक्त माझ्यासाठी. बायकोने, रईसाने, वाचायची नाही. तिला माझं अक्षर लागत नाही, त्यामुळे कुलपाचा खर्च नाही.

फरहान दिवाळीपासून घरी आहे. पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर, पण काम लातुरात, वरच्या खोलीत. कॅमेऱ्यात दिसतो तेवढा शर्ट, खाली लुंगी. आज चहा द्यायला गेलो तर त्याची मॅनेजरबाई स्क्रीनवरून सगळ्यांना विचारत होती, आज कसं वाटतंय, दहापैकी किती? पोरगा म्हणाला, सात. मला त्याने कधी सांगितलं नाही त्याला कसं वाटतंय ते.

नंतर विचारलं, हे काय होतं. म्हणाला, अब्बा, याला एम्प्लॉयी एंगेजमेंट म्हणतात. माणसाचं कामात मन लागलं पाहिजे, नाहीतर तो सोडून जातो. म्हणून वेळेची मोकळीक द्यायची, सुट्टीचं कारण विचारायचं नाही, पैसे थेट खात्यावर टाकायचे.

माणसं सोडून जातात हेच तर माझं दुखणं. अब्बांच्या वेळी चांगला लांबलचक ताफा होता. आता माझ्यासकट अकरा. मागच्या सीझनला ट्रम्पेटवाले दोघंही डीजेच्या गाडीवर गेले. अब्बांनी 'गुलबहार ब्रास बँड' काढला, मी त्याच्या आधी 'न्यू' घातलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेली ती एकच सुधारणा. आता त्या न्यूला शोभेल असं काहीतरी करायची वेळ आली आहे.

संकल्प: या सीझनला एकही माणूस जाऊ द्यायचा नाही.

८ जानेवारी, बुधवार

दुकानात मीटिंग घेतली. बसायला ढोल होते. सगळे आले. पुढे रेवणसिद्ध मास्तर, क्लॅरोनेटवाले. रेणापूरचे. मिसरूड फुटायच्या वयात अब्बांनी त्यांना बँडमध्ये आणलं आणि मला कॉर्नेटवर बोटं ठेवायला त्यांनी शिकवलं. चारचौघांत मला मालक म्हणतात, एकटे असलो की ताहेर.

नवे नियम सांगितले. दर रविवारी मोबाइलवर फॉर्म येईल. तारखेपुढे 'येणार' किंवा 'नाही' दाबायचं. कारण सांगायचं नाही. फोन करायचा नाही, केला तर मी उचलणार नाही. प्रायव्हसी. मेसेज वाचला की अंगठा टाकायचा.

दुसरं, ओवाळणी. आमच्यात पद्धत अशी की परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, लोक त्याच्यावरून नोट ओवाळून वाजवणाऱ्याला देतात. त्या सगळ्या मास्तरांच्या टोपीत जमतात. लग्न लागलं की मांडवामागे चटई टाकून सगळे गोल बसतात. मास्तर पहिल्यांदा विचारतात, आज कोन न्हाई? कुणीतरी नाव सांगतं. जो आजारी आहे, ज्याच्या घरी मयत झाली आहे, त्याचा हिस्सा आधी काढून रुमालात बांधतात. मग उरलेल्याची वाटणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दोघातिघांना घेऊन तो रुमाल त्याच्या घरी पोचवतात, चहा पितात, दुपार करून येतात. मी कधी गेलो नाही, मालकाला दुकान असतं. पण हिशेब कळतो. जो वाजवायला नव्हता त्याला हिस्सा, वर पोचवणाऱ्यांचं पेट्रोल, वर अर्धा दिवस. अब्बा भावनेच्या भरात चालवून घ्यायचे. मी जाहीर केलं की आजपासून हे बंद. ओवाळणी स्कॅनरवर, माझ्या खात्यात. वाटप पॉइंटप्रमाणे, ज्याच्या त्याच्या खात्यात.

अण्णाराव, आमचा मोठा ढोल, म्हणाला, पॉइंट म्हंजी शाळेतल्यासारकं का मालक? झांजवाला दगडोबा हसला. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, मंग आजारी माणसाकडं जायाचं कोन?

मी म्हणालो, ग्रुपवर 'गेट वेल सून' टाकायचं. फुलांची स्टिकर असतात, लई सुंदर.

मास्तर म्हणाले, हाव का. म्हणजे पटलं.

मास्तरांकडे बटणाचा फोन होता. बँडच्या खर्चातून स्वस्तातला स्मार्टफोन घेऊन दिला आणि अंगठा कसा टाकायचा ते शेजारी बसून शिकवलं. तीनदा चुकले, चौथ्यांदा जमलं. उस्तादाला काही शिकवायची पाळी आयुष्यात पहिल्यांदाच आली. छान वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

नव्या पद्धतीचं पहिलं लग्न. स्कॅनर लॅमिनेट करून मास्तरांच्या छातीवर टाचला. पैसे आले की बोलणारा डबा अण्णारावच्या ढोलावर बांधला.

परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला. नवरदेवाच्या मामाने खिशातून नोट काढली. मी धावत जाऊन त्यांना थांबवलं आणि स्कॅनर दाखवला. त्यांनी मोबाइल काढला. मग चष्मा शोधला. मग पिन आठवेना. मास्तरांना मी म्हणालो, हलू नका, स्कॅन होत नाही. मास्तर थांबले म्हणून ताफा थांबला, ताफा थांबला म्हणून घोडी थांबली, करवल्या उन्हात उभ्या राहिल्या. शेवटी डबा बोलला, खणखणीत, गाण्याच्या ऐन रंगात: अकरा रुपये प्राप्त झाले.

सगळ्या वऱ्हाडाने ऐकलं. मामाचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर कुणीच ओवाळलं नाही. पारदर्शक व्यवहाराला आपला समाज अजून तयार नाही. मी तयार आहे.

२० जानेवारी, सोमवार

अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्यांचे पैसे पाठवले. काल लग्न संपलं आणि पाच मिनिटांत सगळे पांगले. चटई नाही, टोपी नाही. आधी त्या चटईवर तासतास कुणाच्या पोरीचं स्थळ, कुणाची गुडघेदुखी, कुणाची टर उडवणं चालायचं. तो सगळा वेळ वाचला. माणसं तो घरच्यांना देत असणार.

दगडोबा काल नव्हता. कारण विचारलं नाही, पैसे पाठवले नाहीत. रईसा म्हणाली, अवो त्याची सासू वारली, कुनी गेलं का त्याच्याकडं? मी म्हणालो, ही त्याची खाजगी बाब आहे, तुला कशी कळली? तरी माणुसकी म्हणून ग्रुपवर फुलांचं स्टिकर टाकलं. भराभर अंगठे आले. खुद्द दगडोबाचाही आला.

२ फेब्रुवारी, रविवार

वसंत पंचमी. मोठा मुहूर्त. फॉर्मवर 'येणार' फक्त सहा. मोकळीक माणसं वापरून राहिली, म्हणजे योजना लागू पडली. सहा जणांत वाजवलं. अण्णाराव म्हणाला, मालक, ह्यो बँड न्हाई, भजनी मंडळ हाय. त्याला सांगितलं, याला लीन टीम म्हणतात.

अडचण एकच. मास्तर. ते एकही सुट्टी घेत नाहीत. ज्येष्ठ माणसाने सुट्टी घेतली नाही की बाकीच्यांना संकोच वाटतो, असं मी ऐकलं आहे. त्यांना बाजूला घेऊन समजावलं की मास्तर, सुट्टी घ्या, तुमचा हक्क आहे. ते म्हणाले, घरी बसून काय करू, ताहेर?

माणूस जुना आहे. बदलाला घाबरतो. वेळ द्यावा लागेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

विष्णुपुरीचं लग्न. नांदेडच्या बाजूची पार्टी, चांगली सुपारी. तिथे मास्तरांच्या उजव्या हातातून क्लॅरोनेट दोनदा निसटलं. दुसऱ्यांदा रस्त्यावरच पडलं. त्यांनी उचललं, शर्टाला पुसलं, माझ्याकडे बघून वाकडं हसले. नवरीच्या बापासमोर माझी मान खाली गेली. पण मी ओरडलो नाही. आजचा मालक ओरडत नाही, पॉइंट कापतो. दोन कापले.

परत येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. ज्याचा त्याचा मोबाइल. शिस्तीचा प्रवास झाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९

मास्तरांच्या नंबरवरून फोन. पॉइंट कापले म्हणून असणार. कट केला. परत आला. परत कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा हात जरा अडखळला, पण मालकानेच नियम मोडला तर बाकीच्यांनी काय करायचं? मेसेज टाकला: 'सुट्टी हवी असेल तर फॉर्मवर नाही दाबा. कारण सांगायची गरज नाही. आराम करा.'

दुपारी फॉर्म बघितला. मास्तरांच्या नावापुढे सगळीकडे 'नाही'. शेवटी मास्तरांनी फ्लेक्सिबल वर्किंग घेतलं! धावत वर जाऊन फरहानला सांगितलं. तो कॉलवर होता. हात हलवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

नवीन: मूड मीटर. दर रविवारी ग्रुपवर विचारायचं, काम कसं वाटतंय? खूश असाल तर अंगठा. पहिला अंगठा मास्तरांचा, मेसेज टाकून चहाचा कप उचलेपर्यंत. याच मास्तरांचा अंगठा पूर्वी दोन-दोन दिवस यायचा नाही. विश्रांतीने माणूस कसा खुलतो ते बघावं.

क्लॅरोनेटची जागा आमचा कीबोर्डवाला फैजान भरून काढतो. बटण दाबलं की क्लॅरोनेटचा आवाज. श्वास घ्यायला थांबावं लागत नाही, हा फायदाच. आज एका म्हाताऱ्याने विचारलं, ते उंचेपुरे क्लॅरोनेटवाले कुठं गेले? मी म्हणालो, सुट्टीवर. तो म्हणाला, बँडवाल्याला सुट्टी? मी छाती काढून सांगितलं, आमच्याकडे असते.

रईसा म्हणाली, मास्तर असे घरी बसणारे न्हाईत, जाऊन बघून तरी या. मी म्हणालो, सुट्टीवरच्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहणं हा छळ आहे. फरहानच्या कंपनीत त्यावर तक्रार होते. ती म्हणाली, मास्तर फरहानच्या कंपनीत हायत का? बाईमाणसाला मॅनेजमेंट समजावणं सोपं नाही.

९ मार्च, रविवार

रोजे चालू आहेत. सुपाऱ्या कमी. अण्णारावचं या महिन्यात सगळं 'नाही'. आज गंजगोलाईजवळ डीजेच्या गाडीवर दिसला. अंगात पिवळा टी-शर्ट, पाठीवर दुसऱ्याच्या पार्टीचं नाव. त्याने मला बघितलं आणि मान फिरवली. मी हात केला. कारण विचारलं नाही.

पुढच्या रविवारी रेणापूर. मास्तरांना खजूर देऊन येईन. पक्कं.

१६ मार्च, रविवार

ऊन फार. रोज्यात एवढ्या लांब जाणं बरं नाही. ईदला मास्तर येतीलच.

३१ मार्च, सोमवार. ईद

नमाज पढून आलो. दरवर्षी आमच्या घरचा पहिला पाहुणा रेवणसिद्ध मास्तर. अब्बांच्या वेळेपासून. मी ईदगाहवरून परत यायच्या आत ते दारात बसलेले असतात, धुतलेलं धोतर, कपाळाला भस्म, आणि रईसाला हाक मारतात, बेटी, खीर गोड झाली का ते सांगायला आलो. शीरखुर्म्याला ते खीरच म्हणतात.

आज आले नाहीत.

अकरा वाजता ग्रुपवर 'ईद मुबारक' टाकलं. पहिला अंगठा मास्तरांचाच. म्हणजे खुशाल आहेत. मग का आले नसतील? पॉइंटचा राग? दोन पॉइंटसाठी इतकी वर्षं कुणी मोडतं का? वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, फार वाईट वाटलं. रईसाने त्यांची वाटी बाजूला काढून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत तिने ती कुणाला देऊ दिली नाही. मी मागितली तर मलाही नाही.

रविवारी रेणापूर. या वेळी नक्की.

१३ एप्रिल, रविवार

रेणापूर राहिलं, कारण फरहान गेला. कंपनीने परत बोलावलं. आता आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायलाच पाहिजे म्हणे. माणसं एकमेकांना ओळखेनाशी झाली, असं कंपनीच्या लक्षात आलं. मी विचारलं, मग आपल्या बँडच्या फ्लेक्सिबलचं? तो म्हणाला, अब्बा, मी तुम्हाला फक्त माझ्या नोकरीचं सांगत होतो. तुम्ही ते बँडला कशाला लावलं? गमतीने म्हणाला असणार.

स्टँडवर बस सुटताना खिडकीशी जाऊन विचारलं, बेटा, दहापैकी किती? तो म्हणाला, काय दहापैकी? तोवर बस निघाली.

२० एप्रिल, रविवार

रेणापूरला निघालो होतो. गाडी पंक्चर. म्हणजे मागच्या चाकात हवा कमी वाटली. उगीच धोका नको.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया

जळकोट. वर्षातला मोठा मुहूर्त. विसार चार महिन्यांपूर्वी घेतलेला. फॉर्मवर 'येणार' तिघं. त्यातला फैजान वाटेतून फोन करून म्हणाला, भाई, उदगीरला जास्त पैशाचं मिळून राहिलं, मी उतरतो. मी म्हणालो, कारण सांगायची गरज नाही. सवय झाली आहे तोंडाला.

दोन ताशे आणि मी. कॉर्नेट काढलं. कितीतरी वर्षांनी ओठाला लावलं. आवाज निघाला, पण त्याला सूर म्हणता येणार नाही. नवरदेवाच्या बापाने हात जोडले आणि म्हणाला, मालक, ऱ्हाऊ द्या, आमी मोबाइल लावतो. त्यांनी मोबाइल लावला. आम्ही ड्रेस घालून त्याच्या मागे चाललो. कुणी ओवाळायला आलं नाही, डबा सबंध दिवस गप्प होता.

टीम लहान झाली की निर्णय पटकन घेता येतात. हे एक.

१ मे, गुरुवार. कामगार दिन

मूड मीटर बघितलं. शंभर टक्के खूश. अंगठे दोन. एक माझा, एक मास्तरांचा.

विचार केला, या सगळ्या धडपडीत मनापासून साथ दिली ती मास्तरांनीच. सगळ्यात जास्त सुट्टी त्यांनी वापरली, एक मेसेज चुकवला नाही, एक तक्रार नाही. असं एक माणूस जरी तयार झालं तरी मेहनत वाया गेली नाही. प्रेसमध्ये जाऊन सर्टिफिकेट छापून घेतलं: 'फ्लेक्सी स्टार ऑफ द सीझन, श्री. रेवणसिद्ध मास्तर.' सोनेरी फ्रेम. रविवारी स्वतः नेऊन देणार. त्यांच्याबरोबर फोटो काढायचा, स्टेटसला ठेवायचा. गेलेली माणसं बघतील आणि त्यांच्या लक्षात येईल.

४ मे, रविवार

गेलो.

दार सिंधुने उघडलं, मास्तरांच्या सुनेने. तिचा नवरा कामाला बाहेरगावी असतो. पुढच्या खोलीत चटई टाकलेली. मला वाटलं, आपण येणार हे कसं कळलं? बरं वाटलं.

मास्तर बाजेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात पांघरुणावर ठेवल्यासारखा पडलेला. लकवा. विष्णुपुरीहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

सिंधु म्हणाली, मी तवाच फोन लावला, तीन डाव. तुमी कट केला. मंग मेसेज आला, कारन सांगू नका, नुसतं नाही दाबा. म्हनलं मालकाला ऐकायचं नसंल. दाबलं. तशीच रिक्षा करून लातूरला न्हेलं दवाखान्यात. तुमच्या दुकानावरूनच गेली रिक्षा. मामांनी हातानं खून केली थांब म्हनून, पर मी थांबले न्हाई.

मी विचारलं, आणि अंगठे? ती म्हणाली, ते मामाच टाकतेत की, डाव्या हातानं. फोन उशालाच असतो. वाजला की बघा कसे धडपडतेत. मालकाचा निरोप हाय, जबाब द्याया पायजे, असं त्यांचं म्हननं.

चटईचं मी विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं. मास्तर कॅलेंडरात मुहूर्त बघतात, आणि मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खूण करतात की चटई टाक, आपली माणसं हिस्सा घेऊन येतील. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीही टाकली होती. म्हणाली, मी लई सांगितलं मामांना, आता ते समदं मोबाइलवर असतंय, कुनी येत न्हाई. ऐकत न्हाईत. तवापासनं मी ती उचललीच न्हाई.

मास्तर माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. हातात पिशवी होती, पिशवीत फ्रेम. ती काढली नाही. खिशात हात घातला. मोबाइल, गाडीची किल्ली. जानेवारीपासून मी नोट बाळगलेली नाही. काय करावं सुचेना म्हणून तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून त्यांच्या खात्यात पैसे टाकले. बरेच टाकले. त्यांच्या उशाचा फोन वाजला. त्यांनी फोनकडे बघितलं, परत माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं. मग डाव्या हाताने फोन ओढून घेतला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिले.

माझ्या खिशात मोबाइल थरथरला. अंगठा आला होता.

६ मे, मंगळवार

ठरलं. सगळा ताफा घेऊन रेणापूरला जायचं. ड्रेसमध्ये, टोपी-तुरा लावून, रुमालात हिस्सा घेऊन. ग्रुपवर लिहिलं: 'मास्तरांना लकवा झाला आहे. रविवारी सगळ्यांनी यायचं आहे.' दोन स्टिकर आले. फुलांचे.

एकेकाला फोन लावला. अण्णारावने कट केला. फैजानने कट केला. दगडोबाने उचलला, म्हणाला, मालक, माजी सासू गेली तवा तुमी फूल धाडलं हुतं, मी बी धाडलं की आता. मग म्हणाला, मास्तरला नमस्कार सांगा. ठेवला.

रविवार अजून लांब आहे. येतील. मास्तरांसाठी येतील.

११ मे, रविवार

कुणी आलं नाही.

एटीएममधून पैसे काढले, किराणा दुकानात सुट्टे केले. रईसाने धुतलेला रुमाल दिला, शीरखुर्मा दिला, ईद नसताना केलेला. मी ड्रेस घातला आणि एकटा मोटरसायकलवर गेलो. रस्त्यात पोरं हसली. एकट्या बँडवाल्याला बघून हसू येणारच.

सिंधुला मी परवा फोनवर सांगून ठेवलं होतं की सगळे येऊन राहिले. तिने मोठं पातेलं भरून चहा ठेवला होता, कप शेजारून मागून आणले होते. मास्तरांना बाजेवरून उतरवून, उशा लावून चटईवर बसवलं होतं. डोक्यावर बँडची टोपी. मी आत गेलो तर ते माझ्या मागे दाराकडे बघत राहिले. मी म्हणालो, येताहेत, गाडी लावताहेत. त्यांनी मान हलवली. आम्ही वाट बघितली. चहाचा रंग काळा पडत चालला तेव्हा मी रुमाल त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी डाव्या हाताने गाठ सोडली. मग विचारलं. तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, पण ते वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे. आज कोन न्हाई?

मी म्हणालो, अण्णाराव. त्यांनी एक नोट बाजूला ठेवली. दगडोबा. एक नोट बाजूला. फैजान. एक नोट. मी एकेक नाव घेत गेलो, ते एकेक नोट ठेवत गेले. नोटा संपल्या आणि नावं अजून उरली होती. आम्हा दोघांना काही राहिलं नाही. मास्तरांच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही. त्यांनी सगळ्या नोटा रुमालात बांधल्या, माझ्या हातात दिल्या आणि रस्त्याकडे बोट केलं. पोचवायला.

बाहेर आलो. गाडीला किक मारली आणि थांबलो. अण्णाराव राहतो कुठे? दगडोबा? मोबाइलमध्ये सगळ्यांचे नंबर आहेत, खाते नंबर आहेत, फॉर्मवरचे सगळे 'नाही' आहेत. घर मला एकाचंही माहीत नाही. माहीत होतं ते फक्त मास्तरांना. रुमाल घेऊन तेच जायचे.

परत आत गेलो. नळाला पाणी आलं म्हणून सिंधु घागरी घेऊन पळाली होती. मास्तर तसेच चटईवर. मी समोर बसलो आणि विचारलं, मास्तर, अण्णारावचं घर कुठंय?

त्यांचा चेहरा उजळला. ते सांगायला लागले. डावा हात हलवून, वळणं दाखवून, थांबून, परत पहिल्यापासून, खूप वेळ सांगत राहिले. मधे एकदा ताहेर म्हणाले, तेवढं समजलं. बाकी एक शब्द कळला नाही.

सांगून झालं तेव्हा ते थांबले आणि समजलं ना, असं माझ्याकडे बघितलं.

मी अंगठा दाखवला.